अनुभवी स्वार पुन्हा शाळेत का गेला? मोटारसायकल प्रशिक्षणाचा इतिहास

१/
वीस वर्षे मोटारसायकल चालवणाऱ्या माणसाला पुन्हा शिकायला बसवावे, ही कल्पनाच अनेकांना हास्यास्पद वाटते. तरीही अमेरिकेत १९८० च्या दशकापासून नेमका अशाच स्वारांसाठी एक स्वतंत्र अभ्यासक्रम चालत आला आहे. परवाना असलेला, स्वतःची गाडी असलेला, हजारो किलोमीटर कापलेला माणूस एका रिकाम्या वाहनतळावर येतो आणि ब्रेक कसा दाबावा, येथपासून पुन्हा सुरुवात करतो. अनुभव आणि प्रशिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य व्हायला जगाला जवळपास अर्धे शतक लागले. त्या अर्ध्या शतकाचा हा धागा.

२/
सुरुवात १३ मे १९३५ पासून करता येईल. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यात, क्लाउड्स हिल या आपल्या घराजवळच्या रस्त्यावर एका स्वाराला सायकलवरची दोन मुले अचानक समोर दिसली. त्यांना वाचवण्यासाठी त्याने गाडी वळवली आणि तो फेकला गेला. डोक्याला जबर मार बसलेला तो स्वार शुद्धीवर आलाच नाही. १९ मे रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी त्याचा मृत्यू झाला. तो होता टी. ई. लॉरेन्स, पहिल्या महायुद्धातील अरब उठावामुळे जगभर ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखला गेलेला अधिकारी आणि लेखक.

३/
लॉरेन्स नवशिका नव्हता. ब्रफ सुपीरियर ही त्या काळातील अत्यंत महागडी आणि वेगवान मोटारसायकल. तशा एकामागून एक सात गाड्या त्याने वापरल्या होत्या आणि आठवीची मागणी नोंदवलेली होती. त्याने इंग्लंडचे रस्ते वर्षानुवर्षे पालथे घातले होते. अपघात झाला तो घराजवळच्या, रोजच्या पायाखालच्या रस्त्यावर. डोक्यावर हेल्मेट नव्हते. पण त्या काळी सामान्य स्वार हेल्मेट घालतच नसत. ती वस्तू शर्यतीच्या मैदानापुरती मानली जाई.

४/
लॉरेन्सला तपासायला बोलावलेल्या डॉक्टरांमध्ये ह्यू केर्न्स हा ऑस्ट्रेलियात जन्मलेला न्यूरोसर्जन होता. मेंदूवरील शस्त्रक्रियेचे आधुनिक शास्त्र उभारणाऱ्या हार्वे कुशिंग यांच्या हाताखाली तो अमेरिकेत शिकून आला होता. लॉरेन्सला तो वाचवू शकला नाही. पण अशा मृत्यूंपैकी किती टाळता येण्याजोगे असतात, हा प्रश्न त्याने पुढे अनेक वर्षे लावून धरला. उत्तरासाठी लागणारी सामग्री दुसऱ्या महायुद्धाने पुरवली.

५/
सप्टेंबर १९३९ पासून ब्रिटनमध्ये हवाई हल्ल्यांच्या भीतीने रात्रीचे दिवे बंद झाले. त्याच काळोखात सैन्याचे निरोप पोहोचवणारे मोटारसायकलस्वार, म्हणजे डिस्पॅच रायडर, धावू लागले. केर्न्सने १९४१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये निबंध प्रसिद्ध केला. युद्धापूर्वीच्या २१ महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर १,८८४ मोटारसायकलस्वार आणि मागे बसलेले प्रवासी मरण पावले होते. युद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत हा आकडा २,२७९ वर गेला. हेल्मेट घातलेल्या जखमींची अवघी सात उदाहरणे केर्न्सला आढळली होती. ती सातही माणसे जगली होती.

६/
त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश सैन्याने कामावरील मोटारसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. नागरिकांवर ही सक्ती यायला १९७३ साल उजाडले. केर्न्स १९५२ मध्येच वारला होता. त्याच्या कामाचे मोल वादातीत आहे. पण हेल्मेट पडल्यानंतरच्या प्रश्नाचे उत्तर देते. मुळात पडण्याची वेळ का येते, आणि लॉरेन्ससारख्या मुरलेल्या स्वारावरही ती का येते, हा प्रश्न तसाच शिल्लक राहिला.

७/
या दुसऱ्या प्रश्नाशी त्याच दशकात लंडनचे पोलीस झगडत होते. पोलिसांच्या हाती मोटारगाड्या आल्या, तसे त्यांचे अपघातही वाढले. म्हणून १९३५ मध्ये हेंडन येथे महानगर पोलिसांची वाहनचालन शाळा सुरू झाली. काही काळाने तिचा सल्लागार म्हणून आला अर्ल ऑफ कॉटनहॅम हा उमराव. तो स्वतः शर्यतीत गाड्या चालवलेला होता. वेगाची नशा चाखलेल्या माणसाने पोलिसांना सावधपणाची शिस्त शिकवावी, हा योग मोठा विलक्षण होता.

८/
हेंडनच्या शाळेत हातापायांच्या कौशल्यापेक्षा विचारांच्या क्रमाला जास्त महत्त्व मिळाले. प्रत्येक वळण, चौक किंवा अडथळा येण्यापूर्वी काही ठरावीक पायऱ्या ठरावीक क्रमानेच पार करायच्या. आधी रस्त्याची माहिती घ्यायची, मग रस्त्यावरची आपली जागा ठरवायची, मग वेग, मग गिअर आणि सर्वांत शेवटी गती वाढवणे. पुढे १९५५ मध्ये ही पद्धत ‘रोडक्राफ्ट’ या पोलिसी हस्तपुस्तिकेत सर्वांसाठी छापली गेली. मोटारसायकलस्वारांसाठी तिची स्वतंत्र आवृत्तीही नंतर निघाली.

९/
हेंडनचे ऐतिहासिक महत्त्व आणखी एका गोष्टीत आहे. ज्यांच्यामुळे ही शाळा काढावी लागली, ते पोलीस वाहन चालवणारेच होते. त्यांना गाडी येत नव्हती म्हणून अपघात होत नव्हते. गाडी येत असूनही होत होते. ‘येणे’ आणि ‘नीट येणे’ यांतील अंतर एखाद्या सरकारी यंत्रणेने मान्य करून त्यासाठी शाळा काढण्याचे हे अगदी सुरुवातीचे उदाहरण. मात्र ही शिस्त दीर्घकाळ पोलिसांपुरती आणि थोड्या हौशी लोकांपुरती राहिली. सर्वसामान्य स्वार मित्राकडून शिकत होता आणि उरलेले रस्त्याकडून.

१०/
आता अटलांटिक ओलांडून अमेरिकेत जाऊ. १९६० मध्ये तेथे नोंदणीकृत मोटारसायकली पावणेसहा लाखांच्या आसपास होत्या; १९७५ पर्यंत त्या पन्नास लाखांच्या घरात गेल्या. स्वस्त, हलक्या, किल्ली फिरवताच सुरू होणाऱ्या जपानी गाड्यांनी हा बदल घडवला. एका पिढीने जवळजवळ एका दमात मोटारसायकल घेतली. शिकवणारे मात्र कोणी नव्हते. १९७३ मध्ये मोटारसायकल उत्पादकांनी एकत्र येऊन ‘मोटारसायकल सेफ्टी फाउंडेशन’ ही संस्था स्थापन केली आणि नवशिक्यांसाठी अभ्यासक्रम तयार होऊ लागले. पण नेमके शिकवायचे काय? अपघात का होतात, हेच कोणाला नीट ठाऊक नव्हते.

११/
ते शोधण्याचे काम सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट या अभियंत्याकडे आले. त्याच्या पथकातील माणसे स्वतः मोटारसायकल चालवणारी होती. १९७६ आणि १९७७ या वर्षांत लॉस एंजेलिस परिसरात अपघाताची वर्दी मिळताच हे पथक घटनास्थळी पोहोचत असे. रस्त्यावरच्या घसटीच्या खुणा मोजल्या जात, गाडीचे अवशेष तपासले जात, जखमींशी बोलले जाई. असे ९०० अपघात पथकाने मुळापासून तपासले आणि त्यांच्या जोडीला पोलिसांचे ३,६०० अहवाल वाचले.

१२/
या कामात संशोधनाच्या दृष्टीने एक फार महत्त्वाची गोष्ट केली गेली. अपघाताच्या जागी पथक नंतर पुन्हा जाई आणि तशाच वेळी तेथून सुखरूप जाणाऱ्या मोटारसायकलस्वारांना थांबवून त्यांचीही माहिती घेई. केवळ पडलेल्यांचा अभ्यास केला तर पडण्याचे कारण सापडत नाही. न पडलेल्यांशी तुलना करावी लागते. इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही हे तत्त्व उपयोगी आहे. जे टिकले त्यांचीच साधने पाहून किंवा जे बुडाले त्यांचीच पाहून काढलेला निष्कर्ष एकांगी ठरतो.

१३/
जानेवारी १९८१ मध्ये अहवाल आला. ‘हर्ट रिपोर्ट’ या नावाने तो ओळखला जातो. त्याने पहिला धक्का दिला तो वेगाविषयीच्या समजुतीला. अपघातापूर्वीचा मध्यक वेग होता ताशी २९.८ मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर. प्रत्यक्ष धडकेच्या वेळचा मध्यक वेग होता २१.५ मैल, म्हणजे सुमारे ३५ किलोमीटर. सुमारे तीनचतुर्थांश अपघात दुसऱ्या वाहनाशी झालेल्या धडकेचे होते आणि त्यांपैकी दोनतृतीयांश प्रसंगांत चूक दुसऱ्या वाहनाच्या चालकाची होती. समोरून येणारी मोटार अचानक आडवी वळते आणि चालक म्हणतो, ‘मला गाडी दिसलीच नाही.’ हा त्यातील सर्वांत नेहमीचा प्रकार.

१४/
येथपर्यंतचा भाग स्वारांना सुखावणारा होता: चूक मोटारवाल्याची. पण अहवाल तेथे थांबला नाही. धोका दिसल्यापासून धडक होईपर्यंत स्वाराच्या हाती सामान्यतः दोन सेकंदांहून थोडा कमी वेळ असतो, असे त्यात नोंदले गेले. ताशी ४८ किलोमीटर वेगाने दोन सेकंदांत गाडी सुमारे २७ मीटर पुढे जाते. तेवढ्यात पाहणे, ठरवणे आणि करणे, तिन्ही उरकायचे. या दोन सेकंदांत स्वारांनी नेमके काय केले, हे रस्त्यावरच्या खुणांवरून वाचता येत होते. ते वाचन फारसे गौरवास्पद नव्हते.

१५/
बहुसंख्य स्वारांनी मागचा ब्रेक एवढा दाबला होता की चाक अडकून घसरले आणि पुढचा ब्रेक फारच कमी वापरला होता. गाडी थांबवण्याचे खरे बळ पुढच्या चाकात असते. ब्रेक लागताच गाडीचा आणि स्वाराचा भार पुढे सरकतो, पुढचे चाक रस्त्यावर घट्ट दाबले जाते आणि मागचे हलके होते. हलके झालेले चाक कितीही आवळले तरी ते घसरते. गाडी थांबत नाही. म्हणजे ऐन वेळी हे स्वार आपल्या हाताशी असलेले निम्म्याहून अधिक बळ न वापरताच धडकत होते.

१६/
दुसरी त्रुटी अधिक विस्मयकारक होती. अडथळा चुकवून गाडी झटकन बाजूला नेण्याची क्षमता अपघातग्रस्त स्वारांत जवळजवळ नव्हतीच. वेगात असलेली मोटारसायकल उजवीकडे झुकवायची असेल तर उजवी मूठ क्षणभर पुढे ढकलावी लागते, म्हणजे चाक आधी किंचित डावीकडे वळते. याला काउंटरस्टीअरिंग म्हणतात. प्रत्येक स्वार हे रोज करत असतो. पण आपण ते करतो, हे त्याला माहीत नसते. माहीत नसलेली क्रिया घाबरलेल्या क्षणी हुकमी जोराने करता येत नाही. अशा वेळी हात अनेकदा उलटच वागतात.

१७/
हे अज्ञान जुनेच होते. विमानाचा शोध लावण्यापूर्वी राइट बंधू डेटनमध्ये सायकलींचे दुकान चालवत. डावीकडे वळताना तुम्ही नेमके काय करता, असे विल्बर राइटने अनेक सायकलस्वारांना विचारले होते. पहिल्या प्रयत्नात अचूक उत्तर देणारा एकही त्याला भेटला नाही, असे त्याने नमूद केले आहे. शरीराला येते, पण बुद्धीला सांगता येत नाही, अशा ज्ञानाचे हे उत्तम उदाहरण. शांत रस्त्यावर असे ज्ञान पुरते. प्रश्न येतो तो त्या दोन सेकंदांत.

१८/
आता अहवालातील अनुभवाविषयीचे आकडे पाहावे. अपघातग्रस्त स्वारांपैकी ९२ टक्के स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. रस्त्यावर गाडी चालवण्याचा त्यांचा एकूण अनुभव जवळपास तीन वर्षांचा होता. मात्र अपघात झालेल्या त्या विशिष्ट गाडीवरचा अनुभव निम्म्याहून अधिक जणांचा पाच महिन्यांपेक्षा कमी होता. उलट, कच्च्या वाटांवर, मातीत गाडी चालवलेले स्वार अपघातग्रस्तांत लक्षणीयरीत्या कमी आढळले.

१९/
या आकड्यांचा एक सरळ अर्थ लावता येतो. रोजच्या रस्त्यावर जमा होणारा अनुभव हा मुख्यतः काहीही न घडण्याचा अनुभव असतो. दहा वर्षे रोज कामावर जाणारा स्वार पूर्ण ताकदीचा ब्रेक कदाचित दहा वेळाही दाबत नाही. मातीत खेळणाऱ्याचे चाक मात्र दर फेरीत घसरते आणि घसरलेले चाक सावरणे हा त्याच्या सवयीचा भाग होतो. शिवाय सवय ही चांगल्या-वाईटाचा विचार न करता मुरते. पुढचा ब्रेक टाळण्याची चूक दहा वर्षे केली, तर ती चूक दहा वर्षे मुरलेली असते. आजवर वाचलो म्हणजे बरोबर चालवतो, असा समज त्यातूनच घट्ट होतो.

२०/
या पार्श्वभूमीवर १९८० च्या दशकात अनुभवी स्वारांसाठीचा अभ्यासक्रम पुढे आला. त्याची घडण नवशिक्यांच्या अभ्यासक्रमापेक्षा वेगळी होती. नवशिक्याला संस्थेची हलकी, लहान गाडी मिळे. अनुभवी स्वाराने स्वतःचीच गाडी आणायची, कारण जिच्यावर अपघात व्हायचा ती गाडी तीच. दिवसभराच्या सत्रात कमीत कमी अंतरात थांबणे, वळणावर असताना थांबणे, अडथळा चुकवणे आणि आखलेल्या चौकटीत गाडी हळू वेगाने फिरवणे असे धडे असत. शेवटचा धडा दिसायला सर्वांत सोपा. पण हमरस्त्यावर ताशी शंभरने जाणाऱ्या अनेकांचा पाय पहिला टेके तो तेथेच.

२१/
अशा अभ्यासक्रमाची निकड पुढील काळात आणखी वाढली. अमेरिकेत मोटारसायकल अपघातांतील मृत्यू १९९७ मध्ये २,११६ इतके खाली आले होते; २००८ मध्ये ते ५,३१२ वर पोहोचले. या वाढीत तरुणांइतकाच, किंबहुना अधिक ठळकपणे, प्रौढांचा वाटा होता. २००७ मध्ये मृतांपैकी जवळजवळ निम्मे चाळीशी ओलांडलेले होते. त्यांत विशीत गाडी चालवलेले, संसारात ती विकून टाकलेले आणि पैसा हाती आल्यावर पूर्वीपेक्षा कितीतरी ताकदवान गाडी घेतलेले लोकही होते. त्यांच्याजवळ अनुभव होता, पण तो वीस वर्षांपूर्वीचा आणि वेगळ्या यंत्रावरचा.

२२/
गोष्ट येथे संपवली तर ती फारच सुबक होईल: अज्ञान होते, संशोधन झाले, शाळा आली, जीव वाचले. पुरावा इतका सरळ नाही. प्रशिक्षण घेतलेल्यांचे अपघात कमी होतात, असा निष्कर्ष हर्टने काढला होता. पण २०१० मध्ये कोक्रेन या नामांकित वैद्यकीय पुनरावलोकन संस्थेने मोटारसायकल प्रशिक्षणावरील २३ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा प्रशिक्षणाने अपघात कमी होतात की नाही, हे ठामपणे सांगण्याइतका दर्जेदार पुरावाच हाती लागला नाही. जो माणूस आपणहून शिकायला येतो तो मुळातच सावध असतो. मग फरक शिक्षणाचा की स्वभावाचा, हे वेगळे काढणार कसे?

२३/
ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात याची अधिक काटेकोर परीक्षा झाली. नव्याने परवाना मिळालेल्या स्वारांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले गेले. एका गटाला प्रत्यक्ष रस्त्यावर प्रशिक्षकाचे मार्गदर्शन मिळाले, दुसऱ्याला नाही. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मार्गदर्शन मिळालेल्यांचे अपघात कमी झाल्याचे दिसले नाही. त्यांचा आत्मविश्वास मात्र वाढला होता आणि वेगाने गाडी चालवण्याचे प्रमाणही. म्हणजे शिकवणीने हात सुधारतात आणि त्याबरोबर ‘आता मला येते’ ही भावनाही वाढते. दुसरी गोष्ट पहिलीचा फायदा खाऊन टाकू शकते.

२४/
येथे हेंडनचा धडा पुन्हा आठवतो. हर्टने हातांतील दोष दाखवले, म्हणून शाळांनी हात सुधारायला घेतले. पण दोन सेकंदांच्या लढाईत उत्तम हातही अनेकदा हरतात. ती लढाई उभीच राहू न देणे, हे डोळ्यांचे आणि विचारांचे काम. ब्रिटनमध्ये ‘बाइकसेफ’ या उपक्रमात पोलिसांचे मोटारसायकलस्वार अनुभवी नागरिकांच्या मागून रस्त्यावर गाडी चालवतात आणि नंतर थांबून त्यांना सांगतात: त्या चौकात तुम्ही कोणाकडे पाहिले नाही, त्या वळणावर कोठे उभे राहायला हवे होते. बाहेरून कोणीतरी पाहिल्याखेरीज आपली सवय आपल्याला दिसत नाही. अनुभवी स्वाराला शाळेची खरी गरज आहे ती यासाठी.

२५/
या इतिहासाचा महाराष्ट्राशी संबंध अगदी जवळचा आहे. १९७२ मध्ये पुण्याच्या आकुर्डीतून ‘चेतक’ बाहेर पडली, त्याच सुमारास लुनाही आली आणि सायकलींचे पुणे पाहता पाहता दुचाकींचे झाले. घरोघरी गाडी आली. शिकवले ते वडिलांनी, मोठ्या भावाने, शेजारच्या काकांनी, एखाद्या मोकळ्या मैदानावर. तेथे हमखास मिळणारी सूचना होती: ‘पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील.’ वाळू, खडी आणि मळीच्या रस्त्यांवर या सूचनेत तथ्यही होते. पण लॉस एंजेलिसच्या डांबरावर हर्टने मोजलेल्या त्या घसटीच्या खुणा अशाच सूचनांतून जन्माला आलेल्या होत्या.

२६/
परवान्यासाठी आरटीओच्या मैदानावर ‘आठ’ काढण्याची परीक्षा पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. ती हळू वेगातला तोल तपासते. ताशी ५० च्या वेगात समोर रिक्षा आडवी आली तर हात काय करतील, हे तपासत नाही. आणि आपल्याकडे पणाला काय लागले आहे, ते आकड्यांतच पाहावे. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. म्हणजे दररोज दोनशेहून अधिक. केर्न्सला अस्वस्थ करणारा युद्धकाळातील २१ महिन्यांचा आकडा आपण दर अकरा-बारा दिवसांत गाठतो.

२७/
एप्रिल २०१९ पासून भारतात १२५ सीसीवरील सर्व नव्या मोटारसायकलींना एबीएस सक्तीचे झाले. जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू नये, ही या यंत्रणेची कामगिरी. तिने अनेकांचा तोल वाचतो. पण ब्रेक दाबायचा असतो तो स्वारानेच. पुढची मूठ अर्धवट दाबणाऱ्याच्या बाबतीत ही यंत्रणा बहुधा कामाला लागतच नाही. तिला आवरण्याजोगे काही घडलेलेच नसते. हेल्मेटनंतर जसा एक प्रश्न शिल्लक राहिला होता, तसाच तो एबीएसनंतरही राहतो. यंत्र सुधारले; त्यावर बसलेल्याच्या सवयी त्याच्याबरोबर आपोआप सुधारत नाहीत.

२८/
हा इतिहास वाचून लगेच कोणी अभ्यासक्रमाला नाव नोंदवावे असे नाही. तशी सोय प्रत्येक गावात नाहीही. पण स्वतःची परीक्षा घ्यायला फार काही लागत नाही. एखादे मोकळे, स्वच्छ, कोरडे मैदान, हेल्मेट, हातमोजे आणि अर्धा तास. ताशी वीसपासून सुरुवात करावी, दोन्ही ब्रेक एकत्र पण हळूहळू वाढत्या दाबाने वापरावेत, खडूच्या एका रेघेपासून गाडी किती अंतरावर थांबली ते पावलांनी मोजावे आणि तेच दहा वेळा करावे. पहिल्या आणि दहाव्या खुणेत जे अंतर भरेल, तेवढे अंतर आपल्या आजवरच्या अनुभवाने आपल्याला शिकवायचे राहून गेले होते.